साम्य श्रमाच्या मालकीत आहे
लिबर्टेरियनवाद (व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि खासगी मालकी सर्वांत वर मानणारा विचार) आणि मार्क्सवाद या दोघांत ‘राज्यसंस्था नको’ एवढंच समान आहे, असं म्हटलं जातं. मला साम्य त्याहून खोल वाटतं: माणूस स्वतःच्या श्रमाचा मालक आहे, हे गृहीतक. त्यावरूनच १९७४ साली रॉबर्ट नोझिक या लिबर्टेरियन तत्त्वज्ञाने श्रमाच्या कमाईवरचा कर वेठबिगारीच्या पंक्तीला बसवला. मार्क्सचं गणितही त्याच घडणीचं: १२ तासांच्या दिवसात मजुरी ६ तासांत भरून निघते, उरलेले ६ तास मालकाला फुकट. माझे तास कोणी नेले, हाच दोघांचा सवाल. जी. ए. कोहेन या मार्क्सवाद्याला हे साम्य इतकं बोचलं की त्याने स्वमालकीचं तत्त्वच नाकारलं.

वाटा फुटतात त्या जमिनीपाशी. जमीन आपली करताना इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरावं, ही जॉन लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाची अट नोझिक सैल करतो. सगळी जमीन कुंपणात गेल्यावर जन्मलेल्याकडे मग विकायला श्रमच उरतात.