जप करा, पण लोकांना गोळ्या सोडायला सांगू नका

परळकर:
काल इथे एकाने लिहिलं की रोज पहाटे १०८ वेळा मंत्र म्हणा, २१ दिवसांत मन आतून आनंदी होतं, मग डिप्रेशनच्या गोळ्या लागतच नाहीत. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या धाकट्या भावाने नेमकं हेच केलं. गोळ्यांनी त्याला बरं वाटायला लागलं होतं. कुणीतरी म्हणालं, जप सुरू केलास ना, मग आता गोळ्या कशाला? त्याने डॉक्टरांना न विचारता बंद केल्या. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसला जाणं सुटलं, अंघोळ सुटली. त्याहून वाईट म्हणजे त्याला वाटायचं, आपल्याच जपात खोट आहे. 'माझीच श्रद्धा कमी पडते रे दादा,' म्हणून भिंतीकडे तोंड करून रडायचा. आजाराचं ओझं होतंच, त्यावर तुम्ही अपराधाचं ओझं चढवलंत.

जपाला माझा विरोध नाही. माझी आजी चाळीच्या गॅलरीत बसून माळ ओढायची, आणि तिच्याइतकं शांत माणूस मी पाहिलं नाही. माझा विरोध त्या २१ दिवसांच्या हमीला आहे.

वैशाली_डोंबिवली:
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण चार उथळ माणसांचं पाप नामावर का ढकलता? आईची केमो चालू होती तेव्हा सात महिने डोंबिवली-परळ केलं. सकाळी नंबर लावायचा आणि दुपारपर्यंत बाकावर बसायचं. डॉक्टरांना बोलायला वेळ नाही, नातेवाईक फोन उचलत नाहीत. तेव्हा 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांनी मला धरून ठेवलं. आनंद झाला म्हणणार नाही. हात थरथरायचे ते थांबायचे. ते माझ्यासाठी खूप होतं.

अभिजित_दादर:
हात थांबायचे कारण श्वास संथ व्हायचा. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा सुधारली. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी तर १९७५ मध्येच लिहिलं होतं की कुठलाही साधा शब्द चालतो. मग संस्कृतच पाहिजे हा हट्ट कशाला?

नाना_गिरगाव:
अभिजित, तेवीस माणसांवरून तुम्ही हजारो वर्षांची साधना मोजायला निघालात! कुठलाही शब्द कसा चालेल? मंत्राला गुरू लागतो, उच्चार लागतो. नामाला यातलं काही लागत नाही, म्हणून तर वारकऱ्यांनी ते सगळ्यांच्या हाती दिलं. हा फरक माहीत नसलेली माणसं मंत्र वाटत सुटली आहेत. वाचिक म्हणजे मोठ्याने, उपांशु म्हणजे ओठांतल्या ओठांत आणि मानस म्हणजे मनातल्या मनात, असे जपाचे तीन प्रकार, त्यात मानस श्रेष्ठ मानलाय, म्हणजे ओठही हलत नाहीत. आणि आमच्या इमारतीत तीन घरांत भिंतीवर मंत्राची मशीन चोवीस तास चालू. मशीन जपतंय आणि माणूस टीव्ही बघतोय!

सचिन_विरार:
नाना, मशीनचं बटण तरी बंद करता येतं. विरार लोकलमधल्या भजनी मंडळांचं काय? रात्री साडेअकराला घरी पोचतो, पहाटे पुन्हा चर्चगेट फास्ट. सव्वा तास डोळा लागावा एवढीच इच्छा. कानाशी टाळ, ढोलकी, आणि चार सीटवर आधीच रुमाल टाकलेले. मला अर्धशिशी आहे. एकदा हात जोडून 'हळू वाजवा' म्हटलं तर म्हणाले, 'पुढच्या डब्यात जा.' तुमच्या शांतीसाठी माझी शांती गेली.

दत्ता_नालासोपारा:
मी २४ वर्षं गाडीत ढोलकी वाजवतोय. आमच्यातला एक जण मिरा रोडला गाडीतून पडला, तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर आम्ही बसलो होतो आणि मुलीची फी तीन वर्षं डब्यानेच भरली. दिवसभर साहेबाच्या शिव्या खायच्या असतात, त्याआधी तासभर मोकळं गातो. तेवढंही नको?

सचिन_विरार:
मदत केलीत, मोठं काम केलंत. म्हणून सीट अडवायचा हक्क मिळत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४५ खाली प्रवाशांना उपद्रव देणं गुन्हा आहे.

दत्ता_नालासोपारा:
करा तक्रार! पत्ते कुटणाऱ्यांवर, मोबाइलवर मोठ्याने व्हिडिओ लावणाऱ्यांवर कधी केलीत? देवाचं नाव आलं की कायदा आठवतो.

अभिजित_दादर:
देवाचा प्रश्नच नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. टाळ म्हणजे भोंगा नव्हे, हे मान्य. पण झोपलेल्या माणसाच्या कानाला काय फरक?

नाना_गिरगाव:
इथे मी अभिजितच्या बाजूने आहे, नाइलाजाने. दुसऱ्याची झोप मोडून केलेल्या भजनात माझं मन रमणार नाही. श्वासाचंही मानतो थोडं. प्राणायाम आमच्याकडचाच. पण कुठलाही शब्द चालतो हे मरेपर्यंत मानणार नाही.

दत्ता_नालासोपारा:
बोरिवलीपर्यंत टाळ-ढोलकी बंद ठेवायला मंडळाला सांगून बघतो. ऐकतील असं नाही. रुमालाचं माझं चुकलं, उद्यापासून मी टाकणार नाही. पण बोरिवलीनंतर गाणारच.

सचिन_विरार:
बोरिवलीपर्यंत तर बोरिवलीपर्यंत. अर्धा तास झोप मिळेल.

वैशाली_डोंबिवली:
भजनाच्या भांडणात परळकरांचा भाऊ राहूनच गेला. आता कसा आहे तो?

परळकर:
गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. झोपताना गोळी घेतो आणि मग पाच मिनिटं नाम घेतो, माळेशिवाय. मोजायला लागला की परत 'कमी पडलो' सुरू होतं. कुणाच्या घरी असं चालू असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

पहाटेचा_जप:
ती पोस्ट माझी होती. मला स्वतःला फरक पडला म्हणून कळकळीने लिहिलं होतं, कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. गोळ्यांचं वाक्य काढलंय. २१ दिवस मात्र ठेवतो, तो माझा अनुभव आहे.

परळकर:
मग 'मला २१ दिवस लागले' असं लिहा. 'तुम्हाला लागतील' असं लिहू नका.