विंडोज ११ च्या शेजारी उबंटू: डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असताना जागा कशी काढावी?

कंपोझिंगवाली, दादर

नमस्कार. माझ्याकडे ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप असून त्यावर विंडोज ११ होम आधीपासूनच बसवलेले होते. मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. त्यासाठीचे सॉफ्टवेअर जुने आहे, ते फक्त विंडोजवर चालते, यूएसबीला डोंगल (परवाना तपासणारे छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि प्रकाशकांच्या जुन्या आवृत्त्यांच्या सगळ्या फायली त्याच्याच युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्यामुळे विंडोज काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरीकडे, मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेली असून तिची प्रात्यक्षिके उबंटू या लिनक्स प्रणालीवर होतात, आणि घरात दुसरा लॅपटॉप घेणे सध्या जमणारे नाही. म्हणून याच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवाव्यात असे ठरवले आहे.

अडचण अशी की डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर निम्म्याहून अधिक जागा मोकळी दिसत असूनही ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केल्यावर जेमतेम चाळीस जीबी मोकळी करता येईल असे सांगितले जाते. शिवाय सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारी सोय) चालू दिसते, जे मी स्वतः कधीही चालू केलेले नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारले, तर सगळे फॉरमॅट करून दोन्ही नव्याने टाकू असे उत्तर मिळाले, जे मला मान्य नाही. कोणत्या क्रमाने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

स्लो_लोकल, मुलुंड

ताई, फॉरमॅटला नकार दिलात हे योग्यच केलेत. त्याची काहीही गरज नाही. ड्युअल बूट (एकाच यंत्रावर दोन प्रणाली) बिघडते ते बहुतेक वेळा उबंटू बसवताना नव्हे, तर विंडोजने आपल्या नकळत डिस्कवर जी व्यवस्था लावून ठेवलेली असते तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे. म्हणून पेनड्राइव्ह हातात घेण्याआधी बरेचसे काम विंडोजमध्ये बसूनच करायचे आहे.

पहिली गोष्ट रिकव्हरी की. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होते आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरित प्रणाली सुरू होऊ देणारी तपासणी) किंवा बूटच्या क्रमाला हात लावला की विंडोज ही किल्ली मागू शकते, आणि ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही. तेव्हा ब्राउझरमधून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन, किल्लीसोबत दिसणारा ओळख क्रमांक आपल्याच यंत्राचा आहे याची खात्री करून, ती कागदावर उतरवून ठेवावी. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतर प्रकाशकांच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि घेतल्यावर त्यातल्या दोन-चार फायली तिथूनच उघडून पाहाव्यात.

दुसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. ही सोय चालू असताना विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर पूर्ण बंद होत नाही. प्रणालीच्या गाभ्याची स्थिती हायबरनेशनच्या फायलीत साठवून ती झोपी जाते आणि ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. अशा ड्राइव्हवर उबंटू एक तर फक्त वाचण्याची मुभा देते किंवा तो उघडतच नाही, आणि जबरदस्तीने काही लिहिले तर फायली खराब होण्याची भीती असते. मी तर हायबरनेशनच संपूर्ण बंद करण्याचा सल्ला देईन, कारण त्यामुळे फास्ट स्टार्टअपही जाते आणि तुमच्या चाळीस जीबीच्या कोड्याचाही काही भाग सुटतो.

ते कोडे असे आहे: श्रिंक करताना विंडोज ड्राइव्हच्या शेवटाकडून जागा काढते, पण हायबरनेशनची फाइल, पेजफाइल (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी फाइल) आणि सिस्टम रिस्टोअरच्या प्रती या जागच्या हलवता येत नाहीत. यांपैकी एखादी ड्राइव्हच्या मध्यावर बसलेली असली, तर तिच्या अलीकडची मोकळी जागा कितीही असो, ती मिळत नाही. हायबरनेशन बंद करावे, सिस्टम प्रोटेक्शन आणि पेजफाइल तात्पुरते बंद करावेत, यंत्र रीस्टार्ट करावे आणि पुन्हा श्रिंक करून पाहावे. आकडा बहुधा बराच वाढलेला दिसेल. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन न विसरता पुन्हा चालू करावेत. उबंटूला किमान २५ जीबी जागा लागते असे सांगितले जात असले, तरी अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर पाहता १०० जीबी द्यावी. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, तेव्हा तुमच्या कामाला जागा कमी पडणार नाही.

मोकळी झालेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ सोडावी. तिथे विंडोजमधून नवा ड्राइव्ह तयार करू नये.

खिडकीची_जागा, ठाणे

एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का, हे आधी पाहावे असे मला वाटते. मुलीला केवळ सी, पायथन आणि टर्मिनलच्या आज्ञा शिकायच्या असतील, तर विंडोजच्या आतच डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) बसवून उबंटू वापरता येते; पार्टिशनला (डिस्कच्या विभागांना) हातही लावावा लागत नाही आणि नको झाल्यास ते काढून टाकणेही सोपे असते.

कंपोझिंगवाली, दादर

सूचनेबद्दल आभार. डब्ल्यूएसएल आणि व्हर्च्युअल मशीन या दोन्हींचा विचार केला होता. पण ८ जीबी रॅममध्ये विंडोज आणि उबंटू एकाच वेळी चालवले की दोन्ही रखडतात, शिवाय प्रणाली स्वतः बसवणे आणि सांभाळणे हाही मुलीला शिकण्याचाच भाग वाटतो. त्यामुळे ड्युअल बूटच हवे आहे. स्लो_लोकल यांनी सांगितल्याप्रमाणे किल्ली उतरवून घेतली आहे. एन्क्रिप्शन कायमचे बंद करावे का, एवढे सांगावे. लॅपटॉप कधी कधी लोकलने प्रकाशकांकडे न्यावा लागतो.

लॅमिंग्टनवाला, ग्रँट रोड

लॅपटॉप गर्दीच्या लोकलमधून नेत असाल, तर एन्क्रिप्शन कायमचे बंद ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उबंटू बसवण्यापुरते ते बंद करावे, कारण एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह समोर असताना उबंटूचा इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी बसवण्याचा सोपा पर्याय देत नाही. डिक्रिप्शनला बराच वेळ लागतो, तेव्हा चार्जर लावून ते पूर्ण होऊ द्यावे आणि मगच पुढे जावे. सगळे सुरळीत झाल्यावर विंडोजमधून एन्क्रिप्शन पुन्हा चालू करावे आणि नवी तयार झालेली किल्ली पुन्हा उतरवावी, कारण जुनी निरुपयोगी ठरते.

याला जोडून एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. एन्क्रिप्शन चालू असताना ग्रबच्या (सुरुवातीला प्रणाली निवडायला देणाऱ्या उबंटूच्या बूटलोडरच्या) यादीतून विंडोज निवडले, तर यंत्र सुरू होण्याच्या टप्प्यांची साखळी बदललेली दिसल्यामुळे विंडोज किल्ली मागू शकते. म्हणून बायॉसमध्ये विंडोज बूट मॅनेजरच पहिल्या क्रमांकावर ठेवावा आणि मुलीने उबंटू हवे असेल तेव्हा लॅपटॉपचा बूट मेनू उघडून, बहुतेक यंत्रांवर एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून, ते निवडावे. ग्रब दिसायला नीटनेटका असतो हे खरे. पण या घरात मुदतीचे काम विंडोजवर होते, तेव्हा विंडोजच्या वाटेत काहीही न आणणे हेच शहाणपणाचे.

लॅपटॉपच्या आत एम.२ एसएसडीसाठी दुसरा स्लॉट रिकामा आहे का, हेही मागचे झाकण उघडून किंवा कंपनीच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. असल्यास लॅमिंग्टन रोडवरून एक छोटी एसएसडी आणून उबंटू तिच्यावर बसवणे मला पार्टिशन करण्यापेक्षा कधीही अधिक पसंत आहे. सी ड्राइव्ह लहान करण्याची कटकटच संपते. मात्र तेव्हाही ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवण्याचा छोटा विभाग) नव्या डिस्कवरच निवडले गेले आहे ना, हे तपासावे, कारण इन्स्टॉलर कधी कधी बूटलोडर पहिल्याच डिस्कवर लिहून मोकळा होतो.

कंपोझिंगवाली, दादर

दुसरा स्लॉट नाही, पाहून घेतले. हायबरनेशन व इतर गोष्टी बंद केल्यावर १०० जीबी मोकळी झाली आणि एन्क्रिप्शनही उतरले. आता इन्स्टॉलरमध्ये काय टाळावे?

स्लो_लोकल, मुलुंड

उबंटू २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. तिला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. आयएसओ (उबंटूची इन्स्टॉल करण्याची फाइल) उतरवल्यावर तिचा चेकसम (फाइल अखंड उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळवून पाहावा आणि मग रुफस या साधनाने पेनड्राइव्ह तयार करावा. सिक्युअर बूट बंद करू नये. उबंटूचा शिम (बूटलोडरच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने स्वाक्षरित असल्यामुळे सिक्युअर बूट चालू असतानाच उबंटू बसते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम नाकारले होते आणि अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते, तेव्हा आयएसओ त्या मालिकेतील ताजी असावी आणि पुढेही उबंटूचे अपडेट टाळू नयेत.

पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू झाल्यावर लगेच बसवू नये. ‘ट्राय उबंटू’ निवडून वायफाय, टचपॅड, आवाज आणि एसएसडी हे सगळे ओळखले जाते का ते पाहावे. एसएसडीच दिसली नाही, तर बायॉसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू असण्याची शक्यता आहे. ते तडकाफडकी बंद केल्यास विंडोज उघडत नाही. आधी सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये सेफ बूट निवडावे, रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये जाऊन त्याऐवजी एएचसीआय (डिस्क हाताळण्याची साधी पद्धत) करावे, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यावे आणि मग सेफ बूट काढावे. सेफ मोडमध्ये पिन न चालण्याची शक्यता असते, म्हणून खात्याचा पासवर्ड ठाऊक असावा. एसएसडी दिसत असेल, तर या वाटेला जाऊच नये.

बसवताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय सोडून पुढे जावे, हे सांगायला नकोच. पार्टिशन हाताने करत असाल, तर मोकळ्या जागेत एकच एक्स्ट४ (लिनक्सच्या फाइल-पद्धतीचे) पार्टिशन करून ते रूट (उबंटूचा मूळ विभाग) म्हणून द्यावे. स्वॅपची (पेजफाइलसारखी) फाइल उबंटू स्वतः तयार करते. विंडोजचे जे छोटे एफएटी३२ ईएफआय पार्टिशन आधीपासून आहे, तेच उबंटूलाही वापरू द्यावे, परंतु त्याच्यासमोरची फॉरमॅटची खूण कोणत्याही परिस्थितीत करू नये. तिथे विंडोजचाही बूटलोडर राहतो.

खिडकीची_जागा, ठाणे

माझे मत डब्ल्यूएसएलच्याच बाजूने असले, तरी करायचेच ठरले आहे तर घड्याळाचेही पाहून घ्यावे. विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि उबंटू जागतिक वेळ, त्यामुळे उबंटू वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. वेळ चुकली की सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवू लागतात. उबंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या साधनाने हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्यास सांगता येते. त्यावर एक इशारा छापून येतो, पण त्याचा मुख्य रोख उन्हाळी वेळ पाळणाऱ्या आणि कालविभाग बदलणाऱ्यांकडे आहे. भारतात वर्षभर एकच वेळ असल्यामुळे आपल्याला तो फारसा लागू पडत नाही. याउलट विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्यालाही जागतिक वेळ पाळायला लावता येते, मात्र दोन्हींपैकी एकाच बाजूचा बदल करावा. दोन्हीकडे केल्यास विंडोजचे घड्याळ साडेपाच तास पुढे जाईल.