मदत हवी आहे: प्रगतिपुस्तकातल्या ‘स्कोलॅस्टिक’ला मराठीत काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची सहावीपर्यंत सीबीएसईच्या शाळेत होती. आता ती आजीकडे राहायला आली आहे आणि गावातल्या मराठी शाळेत सातवीत बसणार आहे. मुख्याध्यापकांनी प्रगतिपुस्तकाचा मराठी तर्जुमा मागितलाय. बाकी सगळं झालं, अडलंय ते दोन मथळ्यांवर: ‘स्कोलॅस्टिक एरियाज’ आणि ‘को-स्कोलॅस्टिक एरियाज’. पहिल्याखाली भाषा, गणित, विज्ञान वगैरे, ए-वन पासून ई पर्यंत श्रेणी. दुसऱ्याखाली कार्यशिक्षण, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण. तिथे फक्त ए, बी, सी.

‘शैक्षणिक’ लिहावं, तर दुसऱ्याचं ‘सहशैक्षणिक’ होतं आणि मुलंमुली एकत्र शिकतात ते सहशिक्षण आठवतं. ‘अशैक्षणिक’ म्हणजे तर शिक्षकांच्या गळ्यात पडणारी जनगणनेची, निवडणुकीची कामं. एकाने ‘शालाबाह्य’ सुचवलं. शाळाच सुटलेल्या मुलांसाठीचा तो शब्द, पोरीच्या कागदावर चुकूनही यायला नको! ‘शालेय’ बरा वाटतो, पण चित्रकलाही शाळेतच शिकवतात ना? ती चित्रं फार सुंदर काढते, तिला तिथे ए आहे. तो ए कमी मोलाचा वाटू नये एवढीच माझी धडपड.

शिवाय खाली शेरा आहे: ‘गुड स्कोलॅस्टिक अ‍ॅबिलिटी’. याचं काय करू?

प्रतिसाद:
दादा, मी शिक्षिका आहे. ‘शालेय विषय’ आणि ‘सहशालेय क्षेत्रे’ असं लिहा. ‘सहशालेय उपक्रम’ आम्ही रोज म्हणतो, मुख्याध्यापकांना लगेच कळेल. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतही ‘स्कोलॅस्टिक’ पेपरला ‘शालेय क्षमता चाचणी’च म्हणतात.

शेऱ्यात मात्र ‘शालेय क्षमता’ नको, कोरडं वाटतं. ‘अभ्यासात चांगली गती आहे’ लिहा. आणि हे विशेषण माणसाला लावू नका. ‘ती स्कोलॅस्टिक आहे’ असं इंग्रजीत सहसा म्हणत नाहीत. अभ्यासू मुलीला ‘स्टुडिअस’ म्हणतात. ‘स्कोलॅस्टिक’ गुणवत्तेला, प्रगतीला, कामगिरीला लागतं.

याचं मूळ ग्रीक ‘स्खोले’, म्हणजे फुरसत. शिकायला निवांतपणा लागतो, त्यावरून पुढे तो शब्द शाळेला लागला. तुमच्या भाचीच्या चित्रांनाही तोच निवांतपणा लागला असणार.

धागाकर्ता:
‘अभ्यासात चांगली गती’, हेच हवं होतं ताई! मनापासून आभार. सोमवारी शाळेत जातोय, तिची चित्रांची वहीही सोबत नेतो.