आन्ना व्याखिरेवाने २६व्या वर्षी थांबायला हवे होते का?

डावखुरी
टोकियो ऑलिंपिकमधील महिला हँडबॉलच्या अंतिम सामन्यात रशियाचा संघ फ्रान्सकडून २५-३० असा हरला (डोपिंगच्या शिक्षेमुळे तो तेव्हा रशियन ऑलिंपिक समितीच्या नावाने खेळत होता), तरीही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान आन्ना व्याखिरेवालाच मिळाला. पाच वर्षांपूर्वी रिओमध्येही तो तिलाच मिळाला होता, आणि तेव्हा गळ्यात सुवर्णपदक होते. लागोपाठ दोन ऑलिंपिक गाजवणारी ही व्होल्गोग्राडची मुलगी त्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, रोस्तोव-डॉन हा क्लब सोडून खेळापासून दूर झाली. तिचे वय होते २६. एवढ्या भरात असलेल्या खेळाडूने थांबणे म्हणजे कारकिर्दीची नासाडी, असे पुष्कळांना वाटले. मला मात्र तो तिचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. या खेळात सप्टेंबरपासून क्लबचे सामने सुरू होतात, त्यांच्या मधोमध चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा असते, आणि दर डिसेंबरात आळीपाळीने जागतिक किंवा युरोपीय स्पर्धा येते. अंगाला आणि डोक्याला उसंत मिळावी अशी सोयच या वेळापत्रकात नाही. ती उसंत तिने स्वतःच घेतली.

शंकेखोर
उसंतीची किंमत कोणी मोजली, हेही पाहू. त्याच डिसेंबरात स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्याविना खेळणारा रशियन संघ उपांत्यपूर्व फेरीत नॉर्वेकडून हरला. हाच नॉर्वे ऑगस्टमध्ये टोकियोच्या उपांत्य सामन्यात, ती मैदानात असताना, २६-२७ असा हरला होता. पुढे युक्रेनवरील आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युरोपीय महासंघाने रशियन संघांवर बंदी घातली. म्हणजे बंदीपूर्वीची शेवटची मोठी स्पर्धा तिने आपण होऊन सोडली. रशियाने २००१ ते २००९ या काळात चार जागतिक विजेतेपदे मिळवली. हिच्या नावावर त्यांतले एकही नाही.

डावखुरी
बंदी येणार हे ऑगस्टमध्ये कोणाला ठाऊक होते? पश्चातबुद्धीने खेळाडूला दोष देणे सोपे असते.

नऊ मीटर
थोडे खेळाविषयी बोलू, कारण आपल्याकडे ‘हँडबॉल’ म्हटले की अनेकांना फुटबॉलमधला फाऊलच आठवतो. व्याखिरेवा उंचीने सुमारे १६८ सेंटिमीटर, आणि खेळते उजव्या बॅकच्या जागी (म्हणजे आक्रमणात उजवीकडून, बचावफळीच्या बाहेरून फेकण्याची जागा), जिथे उंच, धिप्पाड फेकणाऱ्या मुली नेमल्या जातात. मात्र ती डावखुरी आहे. त्या जागेवरून उजव्या हाताने फेकले तर चेंडू बाजूच्या रेषेकडून निघतो आणि गोलाचा कोन अरुंद होतो. डावा हात मैदानाच्या मध्याकडे असल्याने तीन मीटर रुंदीचा गोल जवळजवळ पूर्ण उघडा दिसतो. तिची खरी करामत मात्र फेकीच्या आधीची आहे. चेंडू हातात घेऊन तीनच पावले टाकता येतात. पहिल्या पावलाला ती खांदा बाहेर झुकवते, समोरची बचावपटू त्या बाजूला वजन टाकते, आणि तेवढ्यात ही दोन बचावपटूंच्या मधल्या फटीतून आत शिरलेली असते. हा खेळ गुडघे आणि घोट्यांच्या जोरावर चालतो. असे शरीर न थांबता वर्षानुवर्षे वापरता येत नाही, म्हणून माझे मत धागाकर्तीच्या बाजूने.

शंकेखोर
कौशल्याबद्दल वाद नाहीच. पण सातत्य हाही मोठेपणाचा निकष आहे. तिची थोरली बहीण पोलिना कुझ्नेत्सोवा रिओच्या सुवर्णविजेत्या संघात होती आणि टोकियोत, वयाची तिशी उलटल्यावरही, डाव्या विंगला, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला, खेळत होती. आणि विश्रांतीनंतर आन्ना खेळात परतली, त्या पुनरागमनाचे कौतुक करताना हेही विसरू नये की ज्या नॉर्वेजियन क्लबात ती गेली, तो क्रिस्टियानसानचा व्हायपर्स २०२१ आणि २०२२ मध्ये तिच्याविनाच चॅम्पियन्स लीग जिंकलेला होता. तयार घरात पाहुणी म्हणून राहायला जाण्यासारखे झाले ते.

डावखुरी
पाहुणीने घर सांभाळले, असे म्हणा. २०२३ मध्ये बुडापेस्टला व्हायपर्सने हंगेरीच्या फेरेन्त्सवारोश क्लबला २८-२४ ने हरवून चॅम्पियन्स लीगचे तिसरे विजेतेपद घेतले आणि अंतिम चार संघांच्या त्या फेरीत सर्वोत्तम ठरली ती हीच. त्याआधीचा तिचा हिशोब पाहा: २०१८ च्या युरोपीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू, पण अंतिम सामन्यात फ्रान्सकडून २१-२४ असा पराभव, २०१९ मध्ये रोस्तोवकडून चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना हंगेरीच्या ग्यॉर क्लबविरुद्ध एका गोलने गमावला, मग टोकियो. रिओनंतर मोठ्या अंतिम सामन्यांत हातातोंडाशी आलेला घास सतत निसटत होता, आणि युरोपातले हे विजेतेपद विश्रांतीनंतरच पदरात पडले.

काठावरचा
मला टोचते ते वेगळेच. बंदी संघांवर होती, व्यक्तींवर नव्हती, त्यामुळे ती नॉर्वेत खेळू शकली. रशियातच राहिलेल्या तिच्या सहकारिणींना मात्र चॅम्पियन्स लीगचे दार बंद झाले. विश्रांती घेतल्यामुळे ती मोकळी होती, यात शहाणपण किती आणि योगायोग किती?

शंकेखोर
योगायोगच जास्त. आणि तो आसराही टिकाऊ नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये व्हायपर्स दिवाळखोरीत निघाला. बुडापेस्टचे यश मी नाकारत नाही. पण स्पेनमधल्या त्या सामन्यात उजव्या बाजूला ती असती तर निकाल काय लागला असता, याचे उत्तर या धाग्यावर अजून कोणी दिलेले नाही.