वॉर्डबॉयचं काम आवडायला लागलंय, पुढे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करू का?

घणसोलीकर२१:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. वय २१, टीवायबीकॉमचा एक पेपर राहिला म्हणून घरी बसण्यापेक्षा वाशीच्या एका हॉस्पिटलात ओळखीने वॉर्डबॉय लागलो, दोन महिने काढू म्हणून, आता दहा महिने झाले. तिथे आयाबाईंना सगळे मावशी म्हणतात आणि आम्हाला मामा, सत्तरीचे आजोबा मला मामा म्हणायचे.

त्यांना पॅरालिसिसचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली. दर २ तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोर होतो, म्हणजे पडून पडून अंगाला जखम. सिस्टरने शिकवलं की ओढायचं नाही, दोघांनी मिळून चादरीसकट उचलून फिरवायचं, कातडी घासली की जखम तिथूनच सुरू होते. नाईटला मी मोबाईलवर अलार्म लावून जायचो, कोणी सांगितलं नव्हतं. दीड महिना होते, घरी गेले तेव्हा पाठीवर एक डाग नव्हता. कॉलेजात तीन वर्षांत मी एवढं मन लावून काहीच केलं नाही खरंच.

घरी मात्र शेजाऱ्यांना सांगतात की हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. आई म्हणते, लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला. कॉमर्सवाल्याला नर्सिंग मिळतं का? मुलगा म्हणून अडचण येते का?

ब्रदर_कळवा:
मीपण कॉमर्सचाच. बीएस्सी नर्सिंगला बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायो लागतं, ते विसर. एएनएम, म्हणजे नर्सिंगचा छोटा कोर्स, फक्त मुलींसाठी. जीएनएम कुठल्याही शाखेतून होतं, बारावीला इंग्लिश पाहिजे आणि ४० टक्के, कोर्स ३ वर्षांचा, नंतर पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची डिग्री, २ वर्षं करता येतं. फी भरायच्या आधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते स्वतः बघ, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. मुलगा म्हणून म्हणशील तर मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, आपल्यालाही शिकावी लागते, सुरुवातीला अवघड वाटतं, पण आयसीयू कॅज्युअल्टीत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हवेच असतात.

नौपाड्याची_ताई:
माझ्या बाबांना बेडसोर झाला होता. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग होता तेव्हा कोणीच बघितलं नाही, आम्हीपण नाही, आणि मग चार महिने ड्रेसिंग, ते ओरडायचे ते अजून कानात आहे माझ्या. आईला सांग की त्या आजोबांच्या घरच्यांचे हे चार महिने तू वाचवलेस. त्या वेळी आम्हाला तुझ्यासारखा मामा मिळाला असता तर...

जुना_ओटीवाला:
जीएनएम कर पण राहिलेला पेपर दे आधी, डिग्री अर्धवट सोडू नकोस. उचलताना गुडघे वाकव, कमरेतून वाकू नको, माझा मणका त्यातच गेला. आणि हिपॅटायटिस बीच्या (रक्तातून लागणारी कावीळ) लसीचे ३ डोस झालेत का? पहिल्यापासून दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी असतो. कचऱ्याच्या पिशवीत कोणी चुकून सुई टाकली असेल तर ती पहिली तुलाच टोचणार.

घणसोलीकर२१:
डोस नाही झाले, मला माहीतच नव्हतं, आज नाईटला गेलो की इन्चार्ज सिस्टरना विचारतो. पेपरचा फॉर्म भरतोय. ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली, मग म्हणाली ते चादरीचं कसं करतात मला दाखव, गावी आजी अंथरुणावर आहे ना.