स्वतः जोडलेल्या डेस्कटॉपमध्ये रेड ५ नको, मिरर हवा

ध्रुव

स्वतः जोडलेल्या डेस्कटॉपसाठी चार हार्ड डिस्क घ्यायच्या ठरल्या की बहुतेकांचा पहिला हिशेब जागेचा असतो. ८ टेराबाइटच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधून, एक गेली तरी डेटा राखणाऱ्या रचनेत) लावल्या तर २४ टेराबाइट जागा मिळते. त्याच डिस्कच्या दोन जोड्या करून मिरर केल्या, म्हणजे जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तीच प्रत ठेवली, तर १६ टेराबाइटच हाती लागते. या फरकाच्या मोहाने लोक रेड ५ कडे वळतात आणि माझ्या मते तिथेच फसतात. एक डिस्क गेल्यावर नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करण्यासाठी रेड ५ ला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, तर मिररमध्ये फक्त जोडीची डिस्क वाचून भागते. घरगुती वर्गातल्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात, १० चा १४ वा घात इतके बिट वाचले असता जास्तीत जास्त एक न सुधारणारी चूक, असे प्रमाण दिलेले असते. हे वाचन साधारण साडेबारा टेराबाइटचे होते. रेड ५ ला २४ टेराबाइट वाचायचे असतात, तेही चूक भरून काढणारी जादा माहिती संपलेली असताना. सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट वेग धरला तरी एक डिस्क भरायला बारा तासांहून अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ एकाच खेपेतल्या, सारखेच तास चाललेल्या उरलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो.

गणिती

गुणाकार बरोबर असला तरी निष्कर्ष पटत नाही. माहितीपत्रकातला आकडा ही उत्पादकाने सांगितलेली कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे. प्रत्येक साडेबारा टेराबाइटमागे खरोखरच एक चूक होत असती, तर मोठ्या संचांची दर महिन्याला संपूर्ण तपासणी करणाऱ्यांना प्रत्येक वेळी चुका दिसल्या असत्या, आणि तसे होत नाही. शिवाय एक सेक्टर (डिस्कवरचा एक छोटा भाग) वाचता आला नाही म्हणजे सगळा संच गेला, असेही नाही. झेडएफएससारखी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी प्रणाली) नेमकी कोणती फाइल बिघडली तिचे नाव दाखवते आणि बाकीचे काम पुढे चालू ठेवते.

रेड ५ मीही सुचवणार नाही, पण त्यावर उपाय मिरर हा नाही. त्याच चार डिस्क रेड ६ किंवा रेड-झेड२ (झेडएफएसमधला तसाच प्रकार) मध्ये लावल्या तर जागा तितकीच, म्हणजे १६ टेराबाइट मिळते, आणि कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. तुमच्या रचनेत एकाच जोडीतल्या दोन्ही डिस्क गेल्या तर त्या जोडीवरचे सारे गेले.

सावली

आपण दोघेही डिस्क बिघडण्याबद्दलच बोलत आहात. चारही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये, एकाच एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आणि एकाच ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असतात. एसएमपीएसने जास्त व्होल्टेज सोडले, फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला किंवा चुकीचे फोल्डर कायमचे पुसले गेले, तर मिरर आणि रेड ६ दोन्ही तो घाव सर्व डिस्कवर सारखाच उमटवतात. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली, ती एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्क वापरता याव्यात म्हणून. एखादी डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढाच त्यातल्या जादा माहितीचा हेतू होता. घरचा संगणक एक दिवस बंद राहिला तर काय बिघडते? दोन डिस्क आत साध्या लावाव्यात आणि उरलेल्या दोन बॅकअप घेऊन झाल्यावर संगणकापासून काढून ठेवाव्यात.

गणिती

सावली, बॅकअपबद्दल दुमत नाही, पण बॅकअप मूळ फाइलइतकाच चांगला असतो. साध्या फाइल सिस्टिमवर एखादे छायाचित्र नकळत बिघडले तर पुढच्या बॅकअपमध्ये बिघडलेलीच प्रत जाते, आणि जुनी प्रत राखलेली नसेल तर मूळ छायाचित्र कायमचे जाते. चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) तपासणारी फाइल सिस्टिम हवी ती यासाठी. ध्रुव यांनाही माझे हेच सांगणे आहे: साध्या सॉफ्टवेअर मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर बरोबर कोणती, हे त्याला ठरवता येत नाही.

कारागीर

रचना कोणतीही निवडा, आधी डिस्क आणि जोडणी पाहावी, कारण बरेचसे 'डिस्क गेली' प्रकार तिथून सुरू होतात. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ धडपडू शकते. लिनक्स मात्र मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट पाहून ती डिस्क प्रतिसाद देत नाही असे मानते, आणि चांगली डिस्क संचाबाहेर फेकली जाते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या साठवण-यंत्रासाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून चूक कळवतात आणि ती जागा रेड भरून काढते. दुसरे, एसएमआर पद्धतीची डिस्क घेऊ नये. तिच्यात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे सलग मोठे लेखन आले की तिचा वेग कोसळतो आणि पुनर्बांधणी रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी विकलेल्या आपल्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचे मान्य केले होते, तेव्हा वेष्टनावरच्या 'नॅस' या शब्दावर न थांबता सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, असल्याची खात्री करावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवत असलेल्या नोंदीच्या) यादीतला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून ती बोर्डाला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. कॅबिनेटचे झाकण दाबून बसवताना केबल कनेक्टरपाशीच दुमडली जाते आणि डेटा मधेच बिघडू लागतो. अशा वेळी केबल बदलावी, डिस्क नव्हे. ५, १९७ किंवा १९८ वाढू लागले तर मात्र नवी डिस्क मागवावी.

मदरबोर्डच्या बायोसमधला रेड टाळावा. बोर्ड जळाला की त्याच जातीचा बोर्ड शोधण्याची वेळ येऊ शकते.

ध्रुव

चेकसमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणून माझी सूचना अधिक नेमकी करतो: झेडएफएसवर दोन स्वतंत्र मिरर, दोन वेगळ्या पूलमध्ये (डिस्कच्या स्वतंत्र साठ्यांमध्ये), आणि सावली म्हणतात तशी बाहेर काढून ठेवलेली बॅकअप डिस्क. रेड-झेड२ कोणत्याही दोन डिस्क सोसते हे खरे, पण तिसरी गेली की सर्व १६ टेराबाइट जातात. माझ्या रचनेत एक जोडी पूर्ण बुडाली तरी दुसरीवरचे ८ टेराबाइट जागेवर असतात. मिररमधली एकच डिस्क झेडएफएस असलेल्या दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावूनही त्या जोडीचा सगळा डेटा वाचता येतो, रेड-झेड२ मध्ये किमान दोन लागतात. जागा वाढवायची तर दोनच डिस्क बदलाव्या लागतात.

गणिती

ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) २.३ पासून रेड-झेडमध्येही एकेक डिस्क वाढवता येते, त्यामुळे शेवटचा मुद्दा आता तितकासा टिकत नाही. दोन वेगळ्या पूलमुळे कोणती फाइल कुठे ठेवायची हा रोजचा व्याप वाढतो, तो मला नको आहे. मी रेड-झेड२ वरच ठाम आहे.

कारागीर

दोघांनाही एक विनंती आहे. खरा डेटा भरण्याआधी संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढावी, पुन्हा सुरू करून संच कसा वागतो ते पाहावे, मग तिच्या जागी कोरी डिस्क लावून पुनर्बांधणी शेवटपर्यंत होऊ द्यावी. कॅबिनेटमधल्या प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक बाहेरून वाचता येईल असा चिकटवावा, कारण बिघडलेली सोडून चांगलीच डिस्क ओढून काढली तर रेड ५ तिथेच बंद पडतो, आणि ती त्याच जोडीतली असेल तर मिररही.