रापणे, काळवंडणे, सावळणे : कातडी गडद करणाऱ्या औषधाला काय म्हणावं?

मूळ प्रश्न (तारकर्ली)
आमच्याकडे निवास-न्याहारीला उतरलेला एक परदेशी पाहुणा रोज सकाळी नाकात फवारा मारायचा. सर्दी झालीय असं समजून आई त्याच्यासाठी आल्याचा काढा करायला निघाली, तेव्हा कळलं की ते कातडी गडद करायचं औषध, ऑनलाइन मागवलेलं. आईला सांगताना मी 'रापायचं औषध' म्हणालो. ती म्हणाली, "रापूक औषद कित्याक व्हया? चार दिस रापणीक इलो तर आपसूक रापतलो." (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं.) शब्दाच्या अंगानेही तिचं बरोबर वाटलं. मग नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद (वेंगुर्ला)
'रापणे'त ऊन, खारा वारा आणि वर्षं, तिन्ही आली. रापण ओढणाऱ्याचे हात नुसते काळे नसतात, निबर असतात. दोन दिवस समुद्रात डुंबून आलेल्या मुंबईच्या भाच्याला आम्ही 'काळो पडलो' म्हणतो, रापला म्हणत नाही. (जाळ्याची 'रापण' आणि हे क्रियापद यांची सांगड घालायचा मोह होतो, पण नुसत्या उच्चारावरून व्युत्पत्ती मांडू नये.) 'काळवंडणे' तर नकोच. चांदी काळवंडते, आजारपणात चेहरा काळवंडतो. त्यात काहीतरी गमावल्याची छटा आहे.

प्रतिसाद (रत्नागिरी)
मी औषधांच्या दुकानात बसते. आपण एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतोय असं मला वाटतं.

ऊन लागलं की कातडीतल्या पेशी अल्फा-एमएसएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते रंगपेशींना जाऊन चिकटतं आणि त्या मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य बनवू लागतात. अफामेलानोटाइड हे औषध म्हणजे त्या संप्रेरकाची जास्त टिकणारी नक्कल. ऊन लागलेलंच नसतं, तरी रंगपेशीला उन्हाचा निरोप पोचतो. बावची या औषधी वनस्पतीचं उलट. कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात, कारण तिच्यातलं सोरालेन उन्हाशिवाय काम करत नाही. आणि ऊन जास्त झालं तर फोड येतात. हे वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घरी कुणी करू नये. तिसरं डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोनचं मलम. ते वरच्या मेलेल्या थराला तपकिरी करतं, आठवड्याभरात रंग जातो आणि उन्हापासून बचाव जवळजवळ शून्य.

म्हणून मी म्हणेन : बावची रापवते, मलम रंगवतं. अफामेलानोटाइडसाठी मात्र माझ्याकडे शब्द नाही.

प्रतिसाद (अलिबाग)
'वर्ण्य' कसा वाटतो? चरकसंहितेत वर्ण्य द्रव्यांचा गणच आहे.

प्रतिसाद (रत्नागिरी)
तो कांती सुधारण्याचा गण. आज 'वर्ण्य' लिहिलं की गिऱ्हाईक गोरं करणारं मलम समजेल.

मूळ प्रश्नकर्ता (तारकर्ली)
मला 'सावळणे' सुचतंय. संध्याकाळी आभाळ सावळतं तेव्हा ते बिघडत नाही, आणि त्याला कुणी भाजलेलंही नसतं. अफामेलानोटाइड ज्यांच्यासाठी मंजूर झालं त्यांच्याविषयी वाचल्यावर तर हाच शब्द पटला. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या दुर्मीळ आजारात थोडा वेळ उजेडात गेलं तरी कातडीची आग आग होते. अशा मोठ्या माणसांसाठी युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. १६ मिलिग्रॅम औषधाची, तांदळाच्या दाण्याएवढी कांडी दर दोन महिन्यांनी कातडीखाली बसवतात. त्या माणसाला 'तू काळवंडशील' असं सांगायचं का? 'तुझी त्वचा सावळेल, मग उन्हात जरा जास्त वेळ थांबता येईल', हे कसं नीट वाटतं.

प्रतिसाद (वेंगुर्ला)
'सावळवणारं औषध'. जिभेवर बसतं. पण तुमच्या पाहुण्याच्या फवाऱ्याला हा मायेचा शब्द देऊ नका. तो बहुतेक मेलानोटान-२, म्हणजे त्याच संप्रेरकाची दुसरी नक्कल असणार. त्याला औषध म्हणून परवानगीच नाही, बाटलीत काय आहे तेही कळत नाही. मळमळ होते, अंगावरचे तीळ गडद होतात, नवे उठतात.

मूळ प्रश्नकर्ता (तारकर्ली)
त्याच्या पाठीवरचा एक तीळ आईनेच पाहिला होता. आला तेव्हा तपकिरी होता, आठ दिवसांत काळा कुळकुळीत झाला, म्हणाली. त्याला काल मालवणला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. फवारा बंद करायला सांगितलाय, आणि तीळ काढून तपासायला पाठवलाय.